दोन पात्यांची गाडी

ईशानीच्या लग्नाची सुपारी फुटली आणि त्याच आठवड्यात यशवंतराव मोहित्यांच्या टेबलावर कंपनीचं पत्र येऊन पडलं. दोन्ही बातम्या आनंदाच्या होत्या. यशवंतरावांनी देवापुढे दोन्हींचा मिळून पेढ्यांचा एकच पुडा ठेवला, आणि पुढे जे काही झालं त्याचं मूळ त्या काटकसरीत आहे असं त्यांच्या पत्नीचं, सुमंगलाबाईंचं, आजही मत आहे.

यशवंतराव देवासच्या लाइट मेट्रोत प्रवासी सुविधा अधिकारी होते. म्हणजे फलाटावरचा पंखा बंद पडला, बाकावर कुणी बदाम कोरला, नळाला पाणी आलं नाही की लोक त्यांना शोधत यायचे. घर धारला. सोमवार ते शुक्रवार देवासला कंपनीच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी बस धरून घरी जायचं, असा त्यांचा शिरस्ता. पत्रात लिहिलं होतं की देवास-इंदूर मार्गाला पाच वर्षं पूर्ण होत आहेत, तरी आपल्या सात पांढऱ्या गाड्यांपैकी एक दोन डब्यांची गाडी जुन्या देवास दरबारच्या बग्ग्या-मोटारींच्या रंगात रंगवावी, तिला 'विरासत गाडी' म्हणावं, आणि हे काम मोहित्यांनी बघावं. बड्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून कारणही सांगितलं.

"आप धार के हैं, मोहिते जी. आप निष्पक्ष रहेंगे."

यशवंतराव मनातून सुखावले. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांना कुणी निष्पक्ष म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या भरात निष्पक्ष नेमकं कशात राहायचं, हे विचारायचं राहून गेलं.

देवासबाहेरच्या वाचकाला इथे थोडं सांगायला हवं. धारला राजा एक होता, त्यामुळे भांडणही एका वेळी एकच व्हायचं. देवासचं तसं नव्हतं. गाव एक, टेकडी एक, पण टेकडीवर मोठी माता आणि छोटी माता अशा देवी दोन, आणि टेकडीखाली संस्थानंही दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला थोरलीचा अंमल आणि त्या कडेला धाकटीचा, असं जुनी माणसं सांगतात. संस्थानं विलीन होऊन पाऊणशे वर्षं होऊन गेली. आता दोन्ही कडांचे दिवे नगर निगम लावते आणि दोन्ही कडांचे दिवे सारखेच बंद असतात. तरी कुणाचं घर कुठल्या पातीचं, हे तिथल्या मराठी माणसाला विचारावं लागत नाही.

सुमंगलाबाईंचं माहेर थोरल्या पातीचं. त्यांच्या आजोबांकडे थोरल्या दरबारच्या बग्गीखान्याची देखभाल होती. त्यांचे एकुलते एक भाऊ मल्हारराव जगदाळे आता गॅसची एजन्सी चालवत, पण चार माणसांत बोलताना 'आमच्या बग्ग्या' असंच म्हणत. उलट ईशानीचे होणारे सासरे संताजीराव फाळके धाकट्या पातीचे. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि त्यांचे आजोबा धाकट्या दरबारची मोटार हाकत. त्यांचा मुलगा अनीश इंदूरला नोकरीत होता, ईशानीही तिथेच एका कापड कंपनीत कापडाचे रंग जुळवायचं काम करी. दोघांनी आपसांत जमवलं तेव्हा पात्या हा विषय निघाला नव्हता. पुढे तो घरच्यांत निघाला, पण ईशानी धारची आणि धारची मुलगी दोन्हीकडे चालते, असं म्हणून सगळ्यांनी तो मिटवला होता.

पत्रात शेवटी एक ओळ होती. गावातल्या दोन जाणकार नागरिकांचा सल्ला घ्यावा. यशवंतरावांनी फार विचार न करता मल्हारराव आणि संताजीराव यांची नावं घातली. घरचीच माणसं आहेत, लवकर उरकेल, असा त्यांचा हिशेब. सुमंगलाबाईंनी फोनवर हे ऐकलं. मग म्हणाल्या, "अहो, लग्न झाल्यावर नाही का घालता येणार ही नावं?" पण तोवर पत्रं गेली होती.

पहिल्या बैठकीला दोघेही पुरावा घेऊन आले. मल्हाररावांकडे बग्गीचा फोटो होता, संताजीरावांकडे मोटारीचा. दोन्ही फोटो काळे-पांढरे होते.

"ह्यात रंग कुठे दिसतोय?" यशवंतरावांनी विचारलं.

"दिसतो की, दाजी," मल्हारराव म्हणाले. "बघणाऱ्याला नजर पाहिजे. केशरी आहे. जरासा लालाकडे झुकलेला."

संताजीरावांनी चष्मा पुसून आपला फोटो डोळ्यांजवळ नेला. त्यांच्या मते धाकट्या दरबारचा रंग लाल होता, जरासा केशरीकडे झुकलेला. वाटल्यास ताडून पाहा म्हणून त्यांनी पिशवीतून बाग प्रिंटची, लाल ठशांची एक जुनी चादर काढून टेबलावर पसरली. मल्हाररावांनी तिला हात लावला नाही.

शनिवारी यशवंतरावांनी हे सगळं घरी सांगितलं तेव्हा ईशानी हसली नाही. तो तिचा रोजच्या कामाचा भाग होता. तिने दोघांचं वर्णन लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात रंगाऱ्याकडून दोन पत्रे रंगवून आणले. दोन्ही पत्रे उन्हात शेजारी धरले तर फरक कळायचा. एकेकटा बघितला तर तो फक्त ईशानीलाच कळत असावा. बैठकीत मात्र दोघा जाणकारांनी आपापला पत्रा बघताक्षणी ओळखला, आणि मल्हाररावांना तर भरून आलं. पत्र्यांच्या मागे ईशानीने 'थो' आणि 'धा' असं लिहिलेलं होतं, तेही खरं.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. पुढचा डबा थोरल्या पातीच्या रंगाचा, मागचा धाकट्या पातीच्या, असं ठरलं. संताजीरावांनी मान डोलावली, कारण थोरलं ते पुढे एवढं त्यांनाही कबूल होतं. घोडं अडलं ते पियुषमुळे. पियुष डेपोचा इंजिनियर. उज्जैनकडचा, बोलणं मालवी, कामाला चोख. मराठी त्याला समजायचं, पात्या समजायच्या नाहीत. तो कोपऱ्यात बसून इतका वेळ नकाशा बघत होता.

"पर भिया, वापसी में?" तो म्हणाला. "वापसी में तो पीछे वाला डिब्बा आगे हो जाएगा."

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. लाइट मेट्रोला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असते. गाडी इंदूरला पोचली की ड्रायव्हर आपली पिशवी उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो आणि मागचं होतं ते पुढे होतं.

"मग येताना वळवून आणायची," मल्हारराव म्हणाले. "आमची बग्गी वळायची."

पियुषने आदराने सांगितलं की ही बग्गी नाही. संताजीरावांनी चादरीची नीट घडी घातली. "म्हणजे जाताना हे पुढे, येताना आम्ही पुढे," ते शांतपणे म्हणाले. "असू द्या. आमची काही हरकत नाही."

हरकत घेतली असती तर मल्हाररावांना चाललं असतं. हरकत नाही हे त्यांना सोसलं नाही. ते चहा तसाच ठेवून उठले.

पुढचे दोन महिने यशवंतरावांनी पंख्यांकडे आणि नळांकडे बघितलं नाही. त्यांनी आधी असं सुचवलं की दोन्ही डबे सारखेच रंगवू, वरचा अर्धा भाग थोरलीचा आणि खालचा धाकटीचा. त्यावर संताजीरावांचं सविस्तर पत्र आलं. खालचा भाग चाकांजवळ येतो, पावसाळ्यात त्यावर चिखल उडेल, आणि मोटार धुण्यात आपल्या आजोबांची हयात गेली याची कृपया नोंद घ्यावी. मग यशवंतरावांनी वरचा भाग धाकटीला देऊन पाहिला. ते ऐकून मल्हारराव गॅसच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर इतकंच म्हणाले की बहिणीला चांगल्या घरी दिली होती असं आजवर वाटत होतं.

हे रंगापुरतं राहिलं असतं तर यशवंतरावांनी फाइल खालच्या कप्प्यात टाकून दिली असती. पण लग्न वैशाखात होतं. सुमंगलाबाईंकडे मामाशिवाय मुलगी बोहल्यावर जात नाही. तिला धरून न्यायला मामा लागतो, मंगलाष्टकांना पाठीशी उभा राहायला मामा लागतो, आणि ईशानीला मामा एकच होता. त्या मामाने निरोप पाठवला की जिथे थोरल्या पातीला खाली बसवतात त्या मांडवात मी उभा राहीन कसा. तिकडे संताजीराव तोंडाने काहीच बोलले नाहीत, पण पत्रिका छापायला द्यायचं थांबले. विचारलं तर म्हणत, "घाई कसली, आधी गाडीचं होऊ द्या." निवृत्त बँक मॅनेजर 'आधी अमुक होऊ द्या' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे यशवंतरावांना घराच्या कर्जाच्या वेळी कळलेलं होतं.

एका शनिवारी ते धारला आले ते बूट न काढता ओसरीवर बसून राहिले. ईशानी पाणी घेऊन आली.

"बाबा, मला कोणताही डबा चालेल," ती म्हणाली. "सच में." मग तिचा आवाज थोडा बदलला. "पण मामा नाही आले तर मला नाही चालणार. आणि अनीशचे बाबा तोंड फिरवून बसलेत असं लग्नही नको. लग्नानंतर मला त्यांच्याच घरात राहायचंय ना."

यशवंतरावांना लेकीकडे वर बघवेना. बड्या साहेबांनी निष्पक्ष म्हटलं तेव्हा आपण छाती फुगवली होती याची त्यांना लाज वाटली. त्या रविवारी त्यांनी जेवण झाल्यावर कोरा कागद घेतला आणि देवास स्टेशन काढलं.

स्टेशनला समोरासमोर दोन फलाट आहेत. एक नंबरवरून गाडी इंदूरला जाते, दोन नंबरवर इंदूरहून येते, आणि रूळ मधे. कागदाकडे बघताबघता त्यांच्या लक्षात आलं की एक नंबरवर उभ्या माणसाला गाडी येवो नाहीतर जावो, तिची एकच कूस दिसते. दोन नंबरवरच्याला दुसरी. मग पुढचा-मागचा आणि वरचा-खालचा हा वादच नको. गाडीची एक कूस पूर्ण थोरलीची, दुसरी पूर्ण धाकटीची. एका फलाटावर थोरल्या पातीची मंडळी, समोर धाकटीची, मधे गाडी. ज्याला त्याला फक्त आपलाच रंग दिसेल. जुन्या देवासच्या रस्त्यावरही हेच होतं, फक्त मधे गाडी नव्हती.

दोघांनाही ही कल्पना पटली आणि लगेच पुन्हा अडली. मल्हाररावांना एक नंबर हवा होता, ते ओघाने आलंच. पण एक नंबरवरून गाडी सुटते. "थोरली पाती देवास सोडून जात नसते," ते म्हणाले. संताजीरावांना दोन नंबर चालत होता, पण दोन नंबरवर माणसं दमूनभागून उतरतात, जांभया देतात, आणि त्यांच्या नजरेला आपला रंग पडणार, हे त्यांना बरं वाटत नव्हतं. यशवंतरावांनी हात टेकले.

हे सोडवलं सुमंगलाबाईंनी, कणीक मळतामळता. "दादाला सांगा, प्रस्थान थोरल्यानेच ठेवायचं असतं. कुणी आधी निघालं तर अपशकुन होतो. आणि व्याह्यांना सांगा, घरी परत येणाऱ्याला ओवाळतात, निघणाऱ्याला नाही." यशवंतरावांनी विचारलं की हे खरं आहे का. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत. पण ते दोघं विचारणार नाहीत."

दोघांनी विचारलं नाही. पत्रिका छापून आल्या. मल्हाररावांनी भाचीसाठी शालू घेतला आणि तो केवढ्याचा ते दोनदा सांगितलं. गाडी रंगून तयार झाली आणि उद्घाटनाचा दिवस ठरला, लग्नाच्या बरोबर आठ दिवस आधीचा.

त्या दिवशी सकाळपासून ऊन कडक होतं. एक नंबरवर मल्हारराव, जगदाळे मंडळी, सनई आणि आरतीचं ताट. दोन नंबरवर संताजीराव, फाळके मंडळी, ढोल आणि आरतीचं ताट. यशवंतराव दोन फलाटांमधल्या पुलावर उभे होते, कारण निष्पक्ष माणसाला उभं राहायला दुसरी जागा नव्हती. पहिल्या फेरीला दोघा जाणकारांनी झेंडा दाखवायचा होता, एकाच क्षणी, आणि ती खूण यशवंतरावांनी रुमाल हलवून द्यायची होती. ईशानी त्यांच्याबरोबर वर आली होती.

डेपोतून गाडी आली, तिच्यावर ऊन पडलं, ती दोन्ही फलाटांच्या मधे येऊन थांबली. दोन्हीकडे एकदमच टाळ्या झाल्या. ईशानी पुलाच्या या कठड्याला वाकली, मग त्या कठड्याला वाकली, मग वडिलांजवळ आली.

"बाबा, गाडी उलटी आलीय."

"उलटी म्हणजे?"

"मामांच्या बाजूला धाकटीचा रंग आहे. आणि त्यांच्या बाजूला थोरलीचा."

यशवंतरावांना उन्हात थंडी वाजली. त्यांनी स्वतः दोन्हीकडे वाकून बघितलं. त्यांना दोन्ही रंग सारखेच दिसले, पण पोरगी याच कामाचा पगार घेत होती. त्यांनी पियुषला खुणेने वर बोलावलं. पियुष धापा टाकत आला आणि प्रश्न ऐकून त्याला नवल वाटलं. या मार्गावर एकाच बाजूची वळणं जास्त आहेत, म्हणून एकाच बाजूची चाकं झिजतात. म्हणून दर सहा महिन्यांनी डेपोत तिकोन्या रुळांवर फिरवून प्रत्येक गाडीचं तोंड बदलतात. रजिस्टरमध्ये या गाडीचा नंबर काल होता.

"तो कल दोपहर घुमा दी," तो म्हणाला. "ड्यू थी, साहब."

चूक कुणाचीच नव्हती, त्यामुळे कुणावर ओरडताही येईना. गाडी परत नेऊन फिरवायला दीड तास लागला असता आणि का नेली ते दोन्ही फलाटांना सांगावं लागलं असतं. यशवंतरावांनी खाली पाहिलं. मल्हारराव गाडीजवळ गेले होते. त्यांनी धाकट्या पातीच्या रंगावर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि धोतराच्या सोग्याने ते पुसले. मग मान वर करून पुलाकडे बघत ते म्हणाले, "दाजी, आजोबांची बग्गी दारात आली असं वाटलं."

पलीकडे संताजीराव थोरल्या पातीच्या रंगाला ओवाळत होते. ते बायकोला सांगत होते की मला काही कुणी दाखवावं लागलं नाही, लांबूनच ओळखला.

यशवंतराव खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलंही. ईशानीने त्यांचा हात धरला.

"आठ दिवस, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्याने आधी कपाळ पुसलं, आणि दोन्ही फलाटांनी ती खूण समजून झेंडे दाखवले.

लग्नापर्यंत कुणी काही बोललं नाही, पण गोष्ट तिथे थांबली नाही. उद्घाटनाच्या दिवशी दोघांनीही मोबाइलवर आपापल्या बाजूच्या गाडीचे फोटो काढले होते, आणि दोघांच्याही मनात, एकमेकांना न सांगता, एकच आलं. लग्नाला आपल्या पातीच्या रंगाचे फेटे बांधायचे. मल्हाररावांनी फोटो दाखवून देवासच्या बाजारातून कापड आणवलं, संताजीरावांनी इंदूरहून. दोन्ही दुकानदारांनी रंग अगदी तंतोतंत जुळवून दिला.

धारच्या मंगल कार्यालयात अंतरपाट धरला. इकडे ईशानी, तिच्यामागे धाकट्या पातीचा फेटा बांधलेले थोरल्या पातीचे मामा. तिकडे अनीश, त्याच्यामागे थोरल्या पातीचा फेटा बांधलेले धाकट्या पातीचे वडील. भटजींनी 'शुभमंगल सावधान' म्हटलं, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या, आणि दोन्ही फेटे पहिल्यांदाच समोरासमोर आले. मल्हाररावांनी संताजीरावांच्या फेट्याकडे निरखून पाहिलं, संताजीरावांनी मल्हाररावांच्या.

"शोभतोय," मल्हारराव म्हणाले. "ज्याचा रंग त्यालाच शोभतो."

"तुमचाही," संताजीराव म्हणाले.

ईशानीने हार घालताना मान इतकी खाली घातली की सगळ्या बायका म्हणाल्या, मुलगी लाजरी आहे.

वैशाख गेला, पावसाळा गेला. ईशानी आणि अनीशने इंदूरची खोली सोडून देवासला संताजीरावांच्या घरी बिऱ्हाड केलं आणि दोघं रोज विरासत गाडीनेच कामाला जाऊ लागले. यशवंतरावांच्या मनाला एकच टोचणी राहिली होती. आपण दोन म्हाताऱ्या माणसांना फसवलं. म्हणून कार्तिकात पियुषच्या रजिस्टरमध्ये त्या गाडीचा नंबर पुन्हा आला तेव्हा त्यांना खरोखर हायसं वाटलं. गाडी फिरली. थोरलीचा रंग एक नंबरकडे आला, धाकटीचा दोन नंबरकडे, जसा कागदावर होता तसा. त्या दिवशी यशवंतरावांनी स्टेशनवर उभं राहून गाडी जाताना बघितली आणि खोलीवर जाऊन गाढ झोपले.

चौथ्या दिवशी त्यांच्या टेबलावर अर्ज आला. कुणीतरी विरासत गाडीच्या दोन्ही बाजूंच्या रंगांची अदलाबदल केली आहे, त्यामुळे दोन्ही पात्यांच्या भावना सारख्याच दुखावल्या आहेत, तरी निष्पक्ष चौकशी करून गाडी उद्घाटनाच्या दिवशी होती तशी करावी, असं त्यात म्हटलं होतं. खाली सह्या होत्या, मल्हारराव जगदाळे आणि संताजीराव फाळके. एकीच्या खाली एक नव्हत्या. कागदाच्या मधोमध पट्टीने एक उभी रेघ मारून दोन्ही सह्या एकाच पातळीवर केल्या होत्या. थोरल्या आणि धाकट्या पातीने एका कागदावर सही केल्याचं यशवंतरावांनी तरी कधी ऐकलं नव्हतं.

अर्जाचा मजकूर हिंदीत होता, आणि अक्षर ईशानीचं होतं. त्यांनी तो पुन्हा वाचला. पोरीला सगळं माहीत होतं, तरी तिने ओळ न ओळ शुद्धलेखनासारखी लिहून काढली होती. अर्जाला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती.

"बाबा, मामा रविवारी आमच्याकडे आले होते," असं तीत लिहिलं होतं. "ते आणि अनीशचे बाबा दोन तास माझ्या स्वयंपाकघरात बसून हे ठरवत होते. चहा चार वेळा झाला. मामा पहिल्यांदाच ह्या घरात जेवले. जाताना अनीशच्या बाबांना नुसतं 'संताजी' म्हणाले. प्लीज, गाडी उलटी करून टाका."

यशवंतरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग फाइल पुढे ओढून शेरा लिहिला, 'निष्पक्ष चौकशी केली. तक्रार खरी आहे.' खाली सही केली आणि पियुषला फोन लावला.

"विरासत घुमा दो," ते म्हणाले.

"अभी तो घुमाई, साहब. फिर ड्यू कब लिखूं?"

"मत लिखो. अब ये गाड़ी कभी नहीं घूमेगी."

"साहब, एक साइड के पहिये घिस जाएंगे."

"घिसने दो," यशवंतराव म्हणाले, आणि आठ महिन्यांपूर्वी बंद पडलेल्या पंख्याची फाइल त्यांनी उघडली.